संकेतस्थळाची वर्गणी: दरपत्रकातील आकडा आणि प्रत्यक्ष देयक

शिकवणी वर्ग चालवणाऱ्या शिक्षिका, घरगुती मसाले विकणारा बचत गट, बागेतील आंबा थेट ग्राहकाला पोहोचवू पाहणारे बागायतदार किंवा इंदूर, बडोदे, हैदराबाद यांसारख्या शहरांतील महाराष्ट्र मंडळे, यांपैकी कोणालाही स्वतःचे संकेतस्थळ उभारण्यासाठी आज संगणकाची भाषा शिकावी लागत नाही. तयार साचा निवडावा, त्यात मजकूर आणि छायाचित्रे भरावीत, ठरलेली वर्गणी भरावी, एवढे केले की संकेतस्थळ जगभर दिसू लागते. ही सोय देणाऱ्या सेवांना वेबसाइट बिल्डर म्हणतात. विक्स, स्क्वेअरस्पेस, वर्डप्रेस डॉट कॉम आणि दुकानदारीसाठी शॉपिफाय ही त्यांतील परिचित नावे होत.

संकेतस्थळ उभे करणे सोपे झाले. त्याचा खर्च समजून घेणे मात्र तितके सोपे नाही. दरपत्रकावर ठळक अक्षरांत लिहिलेला आकडा आणि बँक खात्यातून प्रत्यक्ष वजा होणारी रक्कम यांत बरेचदा मोठे अंतर असते. पहिल्या वर्षी ते फारसे जाणवत नाही, दुसऱ्या वर्षाच्या देयकात ते दिसून येते. तोपर्यंत संकेतस्थळाचा पत्ता दुकानाच्या पाटीवर, भेटपत्रांवर, निमंत्रणपत्रिकांवर छापून झालेला असतो आणि सेवा बदलणे अवघड होऊन बसते. म्हणून वर्गणी भरण्यापूर्वी एका वर्षाचा नव्हे, निदान तीन वर्षांचा हिशोब मांडणे आवश्यक ठरते.

वर्गणीत काय येते आणि काय येत नाही

संकेतस्थळ ही एकच वस्तू नव्हे. त्यात तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र आलेल्या असतात: पत्ता, म्हणजे डोमेन नाव, मजकूर साठवून तो वाचकापर्यंत पोहोचवणारी जागा, म्हणजे होस्टिंग, आणि पाने रचण्याचे साधन. वेबसाइट बिल्डरच्या वर्गणीत शेवटच्या दोन गोष्टी मिळतात. डोमेन नाव वार्षिक योजनेबरोबर पहिल्या वर्षापुरते विनामूल्य देण्याची पद्धत अनेक कंपन्यांनी ठेवली आहे. मात्र पुढील वर्षापासून त्याचे शुल्क वेगळे भरावे लागते.

संस्थेच्या नावाचा ई-मेल पत्ता बहुधा या वर्गणीत येत नाही. त्याचे शुल्क प्रत्येक खात्यामागे दरमहा आकारले जाते. पाच पदाधिकाऱ्यांना पाच पत्ते दिले, तर केवळ ई-मेलचा खर्च संकेतस्थळाच्या वर्गणीइतका होऊ शकतो. अशा वेळी एकच खाते घेऊन त्याला अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार अशी टोपणनावे जोडता येतात का, हे आधी विचारून घ्यावे.

पत्त्यापुढे कुलुपाचे चिन्ह दाखवणाऱ्या सुरक्षा प्रमाणपत्रासाठी स्वतंत्र पैसे मागितले जात असतील, तर सावध राहावे. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेने २०१५च्या अखेरीपासून अशी प्रमाणपत्रे सर्वांना विनामूल्य देण्यास सुरुवात केली. साध्या माहितीपर संकेतस्थळाला त्याहून महाग प्रमाणपत्राची गरज भासत नाही. साठवणुकीच्या जागेचे आकडेही दरपत्रकात मोठ्या थाटाने मांडलेले असतात; परंतु आठ-दहा पाने आणि काही छायाचित्रे असलेल्या संकेतस्थळाला सर्वांत लहान योजनेतील जागाही सहसा पुरून उरते.

‘दरमहा’ या शब्दाचा अर्थ

दरपत्रकावरील आकड्यापुढे ‘दरमहा’ असे लिहिलेले असते, पण पैसे दरमहा भरता येतीलच असे नाही. तो आकडा बहुतेक वेळा वर्षाची रक्कम एकदम भरणाऱ्यासाठी असतो. दर महिन्याला भरणाऱ्याला त्याहून अधिक दर पडतो. स्वस्त होस्टिंग विकणाऱ्या काही कंपन्या याच्याही पुढे जातात आणि तीन किंवा चार वर्षांची रक्कम एकत्र भरल्यासच लागू होणारा दर पहिल्या पानावर देतात.

समजा, एखाद्या योजनेचा दर दरमहा १४९ रुपये असा लिहिला आहे आणि तो ४८ महिन्यांच्या मुदतीला लागू आहे. म्हणजे आजच ७,१५२ रुपये भरावे लागतील. त्यावर १८ टक्के जीएसटी धरल्यास देयक ८,४३९ रुपयांचे होते. १४९ रुपये पाहून आलेल्या ग्राहकाला साडेआठ हजारांच्या घरातील रक्कम द्यावी लागते. चार वर्षांनी सवलत संपते. त्या वेळी नूतनीकरणाचा दर दरमहा ४४९ रुपये असेल, तर एका वर्षाचेच करासह ६,३५८ रुपये होतात. हे आकडे केवळ हिशोब समजावण्यासाठी घेतले आहेत, पण दरांची अशी रचना बाजारात सर्रास आढळते.

यात लबाडीच असते असे नव्हे. नूतनीकरणाचा दर बहुधा लिहिलेला असतो; तो लहान अक्षरांत, तारांकित टिपेत किंवा पैसे भरण्याच्या शेवटच्या पानावर असतो. ग्राहकाने तो शोधून काढावा आणि पहिला दर विसरून त्या दराने संकेतस्थळ परवडेल का, याचा विचार करावा.

सवलतीपलीकडे मूळ दरही वाढतात. शॉपिफायने जानेवारी २०२३मध्ये वाढ जाहीर केली, तेव्हा अमेरिकेत तिच्या प्राथमिक योजनेचा मासिक दर २९ डॉलरवरून ३९ डॉलर झाला. म्हणजे एकाच घोषणेत सुमारे एक तृतीयांश वाढ झाली.

डॉलर, बँक आणि कर

अनेक परदेशी सेवा भारतीय ग्राहकाला डॉलरमध्ये दर दाखवतात. येथे तीन वेगवेगळे बोजे एकमेकांवर चढतात आणि त्यांचा हिशोब एकत्र कोठेही लिहिलेला नसतो.

पहिला बोजा विनिमय दराचा. २०१४च्या मध्यास एका डॉलरला सुमारे ६० रुपये पडत होते. २०२५च्या अखेरीस हाच भाव ९० रुपयांच्या आसपास पोहोचला. कंपनीने आपला दर एका सेंटनेही वाढवला नसता, तरी भारतीय ग्राहकाचा खर्च दीडपट झाला असता.

दुसरा बोजा कराचा. परदेशातून इंटरनेटद्वारे पुरवल्या जाणाऱ्या अशा सेवांवर जीएसटी लागू आहे आणि त्याचा दर १८ टक्के आहे. जीएसटी नोंदणी नसलेल्या ग्राहकाकडून हा कर परदेशी कंपनीनेच वसूल करून भारत सरकारकडे भरावयाचा असतो. नोंदणी असलेल्या व्यावसायिकाने आपला जीएसटी क्रमांक खात्यात नोंदवला, तर कर भरण्याची जबाबदारी त्याच्यावर येते आणि नियमांत बसत असल्यास त्याची वजावटही त्याला मिळते. हा क्रमांक नोंदवायचा राहून गेला, तर वजावट हातची जाते. दरपत्रकावरील रक्कम बहुधा करापूर्वीची असते.

तिसरा बोजा बँकेचा. परकीय चलनातील व्यवहारावर अनेक कार्डे २ ते ३.५ टक्के अधिभार घेतात आणि त्या अधिभारावर पुन्हा जीएसटी लागतो. रुपयांत दर दाखवणारी, पण परदेशात नोंद असलेली कंपनी असेल, तरीही काही बँका सुमारे एक टक्का शुल्क आकारतात. ‘दर तर रुपयांत होता’ असे म्हणणाऱ्या ग्राहकाला कार्डाच्या मासिक विवरणात हे शुल्क पाहून आश्चर्य वाटते.

आता एक हिशोब करू. योजना दरमहा १६ डॉलरची, रक्कम वार्षिक, डॉलरचा भाव ९० रुपये. वर्षाचे १९२ डॉलर, म्हणजे १७,२८० रुपये. जीएसटी मिळवल्यावर २०,३९० रुपये. त्यावर बँकेचा साडेतीन टक्के अधिभार आणि त्याचा कर मिळून सुमारे ८४२ रुपये. एकूण रक्कम २१,२३२ रुपये होते. डॉलरचे रुपये करून मनात धरलेल्या रकमेपेक्षा ही सुमारे २३ टक्के अधिक आहे, आणि डोमेनचे नूतनीकरण व ई-मेल यात अजून आलेलेच नाहीत.

विनामूल्य योजना

बहुतेक कंपन्यांची एखादी विनामूल्य योजना असते. तीत संकेतस्थळाच्या पत्त्यात कंपनीचे नाव येते, पानावर कंपनीची जाहिरात दिसते आणि स्वतःचे डोमेन जोडता येत नाही. साधन हाताळून पाहण्यासाठी ही योजना उत्तम आहे. त्यावर संस्थेचा कायमचा पत्ता मात्र ठेवू नये.

विनामूल्य जागेचा इतिहास फारसा आश्वासक नाही. १९९४ साली सुरू झालेल्या जिओसिटीजवर जगभरातील हौशी लोकांनी आपली पाने उभारली होती. १९९९ साली ती याहूने विकत घेतली आणि २६ ऑक्टोबर २००९ रोजी बंद केली. इतर कोणी जतन केलेली पाने तेवढी वाचली. अगदी अलीकडचे उदाहरण द्यायचे तर गूगलने दुकानदारांना त्यांच्या व्यवसाय नोंदीबरोबर दिलेली विनामूल्य संकेतस्थळे मार्च २०२४मध्ये बंद केली. ज्यांनी तो पत्ता पाटीवर रंगवला होता, त्यांना पाटी बदलावी लागली. स्वतःचे डोमेन असते, तर मागचे साधन बदलून तोच पत्ता पुढे चालवता आला असता.

नाव कोणाच्या नावावर?

खर्चाच्या चर्चेत हा मुद्दा बहुधा मागे पडतो. वास्तविक सर्वांत मोठे नुकसान येथेच होते.

एखाद्या महाराष्ट्र मंडळाचा प्रसंग कल्पावा. उत्साही चिटणीसांनी स्वतःच्या ई-मेलवर खाते उघडले, स्वतःच्या कार्डाने वर्गणी भरली, डोमेनही त्याच खात्यातून घेतले. दहा वर्षांच्या गणेशोत्सवाची छायाचित्रे, स्मरणिका, सभासदांची माहिती त्यावर चढवली गेली. पुढे त्यांची बदली झाली. कार्डाची मुदत संपली. नूतनीकरणाच्या सूचना त्यांच्या जुन्या ई-मेलवर येत राहिल्या आणि त्या कोणी वाचल्या नाहीत. एके दिवशी संकेतस्थळ दिसेनासे झाले. नवी कार्यकारिणी कंपनीकडे गेली, तर कंपनी म्हणणार: खाते ज्यांच्या नावावर आहे, त्यांनीच संपर्क करावा. यात कोणाचाही दुष्ट हेतू नाही, तरी मंडळाचा संग्रह गेला.

म्हणून डोमेनच्या नोंदीत संस्थेचे किंवा मालकाचे नाव असावे, आणि ई-मेल असा द्यावा की पदाधिकारी बदलले तरी तो हस्तांतरित होईल. तो ई-मेल त्याच डोमेनवरचा मात्र नसावा. कारण डोमेन बंद पडले की तो पत्ताही बंद पडतो आणि नूतनीकरणाची सूचना मिळण्याचा मार्गच खुंटतो. संकेतस्थळ बाहेरच्या व्यक्तीकडून करून घेणाऱ्यांनीही डोमेन त्या व्यक्तीच्या नावावर जाणार नाही, याची लेखी खात्री करून घ्यावी.

डोमेनचा रास्त दर किती, हे ठरवण्यास एक आधार आहे. डॉट कॉम नावांची मुख्य नोंदवही व्हेरिसाइन ही कंपनी सांभाळते आणि विक्रेत्यांकडून ती घेत असलेला वार्षिक घाऊक दर सप्टेंबर २०२४पासून १०.२६ डॉलर झाला. विक्रेता त्यावर आपला नफा व कर लावणार हे उघड आहे. पण नूतनीकरणासाठी याच्या दुप्पट किंवा अधिक रक्कम मागितली जात असेल, तर डोमेन दुसऱ्या नोंदणीकाराकडे नेण्याचा विचार अवश्य करावा. डॉट इन ही नावे २००५ साली सर्वांसाठी खुली झाली आणि त्यांची व्यवस्था निक्सी ही भारतीय संस्था पाहते. देवनागरीतील डॉट भारत हा पत्ता ऑगस्ट २०१४पासून मिळू लागला आणि तो मराठी व कोंकणीलाही उपलब्ध आहे. आपल्या लिपीतील पत्ता असणे समाधानाची गोष्ट आहे. अनेक अर्ज आणि ई-मेल सेवा तो अद्याप नीट स्वीकारत नाहीत, त्यामुळे सोबत रोमन लिपीतील पत्ताही घ्यावा लागतो आणि खर्च दोन नावांचा होतो.

नूतनीकरण चुकले तर काय होते? डॉट कॉमच्या बाबतीत आयकॅन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमानुसार नोंदणीकाराने मुदत संपण्यापूर्वी सुमारे एक महिना आणि सुमारे एक आठवडा आधी सूचना द्यावी लागते. मुदतीनंतर काही दिवस नेहमीच्या दराने नूतनीकरण करता येऊ शकते. त्यानंतर नाव काढून टाकले गेले, तर ३० दिवसांचा सुटका कालावधी असतो. त्यात नाव परत मिळते, पण बरेच जादा शुल्क भरून. तोही उलटला की पाच दिवसांनी ते नाव कोणीही घेऊ शकते. मात्र मुदत संपलेली चांगली नावे विक्रेते बरेचदा त्याआधीच लिलावात काढतात, तेव्हा शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये.

विक्री करणाऱ्यांसाठी

संकेतस्थळावरून माल विकायचा असेल, तर वर्गणीपेक्षा प्रत्येक विक्रीमागे जाणारी रक्कम महत्त्वाची ठरते. ग्राहकाचे पैसे स्वीकारणारी पेमेंट गेटवे कंपनी कार्डाच्या व्यवहारावर साधारण दोन टक्के आणि त्यावर जीएसटी घेते. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर व्यापाऱ्याकडून घेतले जाणारे शुल्क जानेवारी २०२०पासून शून्य करण्यात आले. तरी गेटवेच्या स्वतःच्या सेवाशुल्काची चौकशी करावी.

याशिवाय काही वेबसाइट बिल्डर स्वतःचा वाटाही घेतात. शॉपिफायची स्वतःची पेमेंट सेवा न वापरणाऱ्यांकडून प्राथमिक योजनेत २ टक्के आणि त्यावरच्या योजनेत १ टक्का आकारला जातो. ती सेवा भारतातील व्यापाऱ्यांना उपलब्ध नसल्याने हा आकार येथील दुकानदाराला लागतो. वर्षाला पाच लाखांची विक्री असेल, तर गेटवेचे शुल्क सोडून दहा हजार रुपये यातच जातात.

यातून योजना निवडण्याची एक रीत मिळते. अमेरिकेतील २०२३च्या दरांनुसार पहिली योजना ३९ डॉलरची आणि दुसरी १०५ डॉलरची होती. फरक ६६ डॉलर. टक्क्याचा फरक एक. म्हणजे मासिक विक्री ६,६०० डॉलरच्या पुढे जाईपर्यंत, केवळ या शुल्काचा विचार केल्यास, महाग योजना घेण्यात लाभ नव्हता. भारतातील दर वेगळे आहेत. आपल्या दरांचे आकडे घालून हाच भागाकार करता येतो. नव्याने दुकान मांडणाऱ्याने पहिल्याच दिवशी मोठी योजना घेऊ नये. वरच्या योजनेत जाणे एका कळीसरशी होते, खाली उतरण्यास कंपन्या तितक्या उत्सुक नसतात.

आपोआप वजा होणारे पैसे

वर्गणीचे स्वयंचलित नूतनीकरण रिझर्व्ह बँकेच्या नियमांच्या कक्षेत येते. ऑक्टोबर २०२१पासून लागू झालेल्या व्यवस्थेनुसार कार्डातून आवर्ती रक्कम वजा करण्यापूर्वी किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना मिळावी लागते. ठरावीक मर्यादेपुढील प्रत्येक रकमेला ग्राहकाची स्वतंत्र संमती, म्हणजे व्यवहारात ओटीपी, आवश्यक असते. ही मर्यादा आधी ५,००० रुपये होती. जून २०२२मध्ये ती १५,००० रुपये करण्यात आली.

या संरक्षणाची दुसरी बाजूही आहे. वर हिशोब केलेली वार्षिक रक्कम २०,३९० रुपये, म्हणजे मर्यादेच्या वर. ती आपोआप जाणार नाही. ‘नूतनीकरण स्वयंचलित ठेवले आहे’ या भरवशावर राहिलेल्या ग्राहकाचा व्यवहार फसतो आणि संकेतस्थळ बंद पडते. अशा योजनेची तारीख दिनदर्शिकेत लिहून ठेवून रक्कम स्वतः भरावी.

विनामूल्य चाचणी न सांगता सशुल्क होणे, शेवटच्या पानावर शुल्क वाढणे, न मागितलेली जादा सेवा यादीत टाकलेली असणे, सदस्यत्व रद्द करण्याची वाट दडवणे, अशा युक्त्यांबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यांत अशा १३ प्रकारांची नोंद आहे आणि सॉफ्टवेअर सेवांच्या आवर्ती वसुलीचा प्रकार त्यांत स्वतंत्रपणे दिलेला आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक सहायता क्रमांक १९१५ उपलब्ध आहे. व्यापारी हेतूने सेवा घेणारा ग्राहक कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. मात्र केवळ स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी वस्तू विकत घेऊन वापरणाऱ्याला २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने त्या व्याख्येत जागा दिली आहे.

सोडून जाताना

वर्गणी थांबवली तर काय हाती उरते, हा प्रश्न वर्गणी सुरू करतानाच विचारावा. विक्सवर उभारलेले संकेतस्थळ जसेच्या तसे दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर नेता येत नाही, असे ती कंपनी स्वतःच सांगते. स्क्वेअरस्पेसवरील मजकुराचा काही भाग वर्डप्रेसला चालेल अशा स्वरूपात काढता येतो. वर्डप्रेस डॉट कॉमवरील लेखन बाहेर काढणे त्या मानाने सुकर आहे. वर्डप्रेस हे मूळ सॉफ्टवेअर २००३पासून मुक्त आणि विनामूल्य असून ते कोणत्याही होस्टिंगवर बसवता येते. वर्डप्रेस डॉट कॉम ही त्यावर आधारित सशुल्क सेवा आहे. नावातील या साम्यामुळे अनेकांचा गोंधळ होतो. मुक्त सॉफ्टवेअर स्वतः बसवणाऱ्याची वर्गणी वाचते, पण अद्ययावतीकरण, सुरक्षा आणि प्रती राखण्याचे काम त्याच्याच गळ्यात पडते. ते करणारा माणूस घरात नसेल, तर त्याचाही मेहनताना हिशोबात धरावा.

सेवा बदलताना क्रम महत्त्वाचा असतो. आधी सर्व मजकूर आणि मूळ छायाचित्रे आपल्या संगणकावर उतरवून घ्यावीत. त्यानंतर डोमेनचे कुलूप उघडून हस्तांतरणाचा संकेतांक मागवावा व ते नव्या नोंदणीकाराकडे न्यावे. डॉट कॉमचे नाव नोंदवल्यापासून ६० दिवस हे हस्तांतरण सहसा होत नाही; ते झाले की नोंदणीची मुदत एक वर्षाने वाढते, त्यामुळे तेथे भरलेले पैसे वाया जात नाहीत. नाव नव्या खात्यात दिसू लागले, ई-मेल सुरळीत चालू आहे याची खात्री झाली, की मगच जुनी वर्गणी रद्द करावी.